पिकअपचे मागचे ड्रम ब्रेक जाम होणे

पिकअपच्या मागच्या चाकांचा ब्रेक गरजेपेक्षा जास्त धरणे, किंवा पेडल सोडल्यावरही न सुटणे. गॅरेजमध्ये दोन्हींना ‘चाक जाम’ असेच म्हणतात. कारणे मात्र वेगळी असतात, म्हणून ड्रम उघडण्याआधी तक्रार नेमकी ओळखावी. पेडल दाबताच चाक घसटत असेल तर तो एक बिघाड. गाडी चालवल्यावर ड्रम तापून जळका वास येत असेल तर दुसरा.

ब्रेक मारताना वजन पुढे झुकते. माल उतरवून परतणाऱ्या पिकअपच्या मागच्या चाकांवर मुळातच भार कमी असतो, त्यामुळे ती लवकर घसटतात. हे टाळण्यासाठी अनेक पिकअपच्या चेसिसला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो आणि त्याचा दांडा मागच्या अ‍ॅक्सलला जोडलेला असतो. माल भरला की पाटे दबतात आणि व्हॉल्व्ह मागे जास्त दाब सोडतो. दांडा गंजून त्याच स्थितीत अडकला, तर रिकाम्या गाडीलाही तोच दाब मिळतो. दांडा तारेने वर बांधून काम भागवणे जिवावर बेतू शकते: ओल्या रस्त्यावर गाडी मागून आडवी फिरते.

एकच चाक धरत असेल तर आधी तेल शोधावे. लायनर, म्हणजे ड्रमच्या आत दाबल्या जाणाऱ्या ब्रेक शूवरचे घर्षणाचे अस्तर, तेलाने निथळत असेल तर घसरतो, पण नुसता ओशट झालेला लायनर उलट जास्त पकडतो. पुष्कळांची फसगत इथेच होते. शू ड्रमवर ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरच्या रबरी बूटची कड उचलून आत ओल आहे का ते पाहावे. सापडलेल्या तेलाचा थेंब पाण्यात टाकावा. विरघळला तर ब्रेक ऑइल, म्हणजे सिलिंडर गळतो. तरंगला तर गिअर ऑइल, म्हणजे अ‍ॅक्सलचे सील गेले. सील बदलताना डिफरन्शियलचा ब्रीदर (हवा जाण्याचे छिद्र) उघडा आहे ना, हेही पाहावे. तो तुंबला की आत दाब साठून नवे सीलही गळते. तेल प्यायलेला लायनर पेट्रोलने धुऊन सुधारत नाही. दोन्ही चाकांचे लायनर एकदमच बदलावेत.

न सुटणाऱ्या ब्रेकची परीक्षा सोपी आहे. पुढच्या चाकांना ओट लावून मागची बाजू जॅकने उचलावी, स्टँडवर टेकवावी, गिअर न्यूट्रल करून हँडब्रेक सोडावा. पेडल दाबून सोडावे आणि जाम चाकाचा ब्लीडर निपल (ब्रेकमधली हवा काढायची तोटी) सैल करावा. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळे झाले, तर दाब अडकलेला आहे. नाही झाले, तर हँडब्रेकची गंजलेली केबल, सैल पडलेला रिटर्न स्प्रिंग, सिलिंडरचा अडकलेला पिस्टन किंवा बॅकप्लेटवर (शूमागच्या पत्र्यावर) शू घासून पडलेल्या खाचा तपासाव्यात.

दाब दोन्ही चाकांत अडकत असेल, तर चेसिसवरून अ‍ॅक्सलकडे जाणाऱ्या रबरी होजवर संशय घ्यावा. बाहेरून धड दिसणारी होज आतून फुगून वाट बंद करते. होजच्या वरच्या टोकाचा नट सैल करूनही चाके मोकळी झाली नाहीत, तर दोष होजमध्येच. मोकळी झाली, तर व्हॉल्व्ह किंवा पेडलने दाब तयार करणाऱ्या मास्टर सिलिंडरकडे वळावे. तिथे पुशरॉडला (पेडलच्या दांड्याला) जराही फ्री प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, नसला तरी दाब परतत नाही. चुकून इंजिन ऑइल ओतले गेले असेल तर सगळी रबरे फुगतात. अशा वेळी लाइन धुऊन रबरी भाग बदलण्यावाचून इलाज नाही.

नुकतेच काम झालेल्या गाडीत शू उलटे बसले आहेत का पाहावे. ड्युओ-सर्वो रचनेत, म्हणजे एक शू दुसऱ्याला ढकलतो अशा ब्रेकमध्ये, छोट्या लायनरचा शू पुढे आणि मोठ्याचा मागे असतो. अ‍ॅडजस्टरही डाव्या-उजव्या बाजूंचे वेगळे असतात.

पावसाळ्यात रात्रभर उभ्या गाडीच्या ड्रमवर गंजाचा पातळ थर धरतो. सकाळचे पहिले दोन-तीन ब्रेक त्यामुळे जोरात लागतात, त्यासाठी ड्रम उघडू नये. उघडावा लागलाच तर आतली धूळ हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने टिपावी. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते.