अवकाश-खेळांत बातमी किती वेगाने पोचते?

सूर्याखेरीज सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्सिमा सेंटॉरी, ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे. सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाच्या व्हॉयेजर १ या यानाला तेवढे अंतर कापायला ७५ हजार वर्षे लागतील आणि रेडिओ संदेशालाही सव्वाचार वर्षे. त्यामुळे खेळ रचणाऱ्याला प्रकाशवेग ओलांडायची सोय करावीच लागते. ती फक्त यानाला द्यायची की संदेशालाही, यावर सगळा खेळ पालटतो.

१९७७ मध्ये मार्क मिलर यांच्या ‘ट्रॅव्हलर’ या रोलप्लेइंग गेमने (टेबलाभोवती बसून, पात्रांच्या भूमिका घेऊन खेळायच्या खेळाने) ती फक्त यानाला दिली. ताऱ्यावरून ताऱ्यावर नेणारी उडी एक पार्सेकची (सुमारे ३.२६ प्रकाशवर्षांची) असो वा सहाची, वेळ साधारण एक आठवडाच. संदेशही यानातूनच जाणार. तारायंत्रापूर्वीच्या शिडाच्या जहाजांचा काळच हा. इंधन दर पार्सेकला यानाच्या आकारमानाच्या १० टक्के, म्हणजे २०० टनी यानाला २० टन. उडीआधी ग्रहाच्या व्यासाच्या १०० पट दूर जायचे. पृथ्वीपासून हे अंतर पावणेतेरा लाख किलोमीटर भरते. १ जी, म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाइतक्या त्वरणाने, निम्म्या वाटेपासून वेग उतरवत, सव्वासहा तास. घाईने अलीकडूनच उडी घेतली किंवा अशुद्ध इंधन भरले, तर उडी चुकून यान भलतीकडेच निघण्याचा धोका.

पुढे या विश्वात चार पार्सेक उडीची टपालयाने आली. ठाण्यावर पोचताच संदेश तयार उभ्या यानात चढतो. २४ पार्सेकवरच्या राजधानीला सहा उड्या, सहा आठवडे. उत्तर हाती यायला बारा. एक पार्सेक उडीचा व्यापारी दर मुक्कामी आठवडाभर थांबत गेला तर त्याला तेच अंतर जवळपास वर्षाचे. सीमेवरच्या सुभेदाराला बंड मोडायला हुकमाची वाट पाहताच येत नाही, आणि उत्तम कथानके इथेच जन्मतात. खेळ चालवणाऱ्याने मात्र प्रत्येक बातमीची निघाल्याची आणि पोचल्याची तारीख वहीत मांडावीच. नाहीतर पात्रांना न पोचलेली बातमी आधीच ठाऊक असते.

टेबलावर ‘आठवडा गेला’ म्हटले की काम होते. संगणकावर तसे नाही. १९८४ च्या ‘एलिट’मध्ये सात प्रकाशवर्षांपर्यंतची उडी क्षणात संपे. १९९३ च्या ‘फ्रंटियर’ने उडीला दिवस मोजले, कारण तिथे खेळाडू एकटा होता आणि घड्याळ पळवता येत होते. ऑनलाइन खेळात सर्वांचे घड्याळ एकच. ‘एलिट डेंजरस’ या ऑनलाइन खेळातले हटन ऑर्बिटल स्थानक उडी संपते त्या ताऱ्यापासून ०.२२ प्रकाशवर्ष आत आहे. प्रकाशाच्या २००१ पट या कमाल वेगानेही ५८ मिनिटे, आणि वेग चढता-उतरताना जाणारा वेळ वेगळाच. त्याच स्थानकावरच्या मित्राला चॅट मात्र तत्काळ पोचते.