केलं की करवून घेतलं?

‘मी फक्त वरून आलेला हुकूम पाळला’ असं कुणी म्हटलं की आपण त्याला पळवाट म्हणतो. दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी नेत्यांवर चाललेल्या न्यूरेंबर्गच्या खटल्यात ही सबब टिकली नाही, ते योग्यच झालं. पण असं म्हणणारा नेहमी खोटंच बोलत असतो का?

लंडनचे मेंदूसंशोधक पॅट्रिक हॅगर्ड आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये एक प्रयोग केला. बटण दाबायचं, २५० मिलिसेकंदांनी एक आवाज होतो. समोर सुमारे अडीच सेकंदांत फेरी पुरी करणारा घड्याळाचा काटा. बटण दाबताना किंवा आवाज ऐकताना काटा कुठे होता, ते सांगायचं. या घटना सुट्या घडल्या असता लोकांनी जी वेळ सांगितली, तिच्याशी तुलना केली. स्वतःहून बटण दाबलं, तेव्हा ते दाबणं १५ मिलिसेकंद उशिरा झाल्यासारखं वाटलं आणि आवाज ४६ मिलिसेकंद आधीच आल्यासारखा. कृती आणि परिणाम जाणिवेत एकमेकांकडे ओढले गेले! पुढची गंमत तर विलक्षण आहे. डोक्याशी चुंबकीय स्पंद देऊन बोट आपोआप हलवलं, तेव्हा दोन्ही घटना उलट एकमेकींपासून दूर सरकल्या. ही ओढ हेतूमुळे की निव्वळ कार्यकारणभावामुळे, यावर संशोधकांत वाद आहे.

वेळेच्या जवळिकीवरून नातं जोडायची ही सवय फसवतेही. कुणाचं वाईट चिंतलं आणि लगेच तो आजारी पडला, की आपल्यामुळेच झालं असं वाटतं. त्यावर ‘नकारात्मक कंपनां’चा धंदा उभा राहतो. आपल्या विचाराने दुसरं कुणी आजारी पडत नाही.

आता परिणाम भोगणारा माणूस समोर बसवू. २०१६ मध्ये एमिली कास्पर, हॅगर्ड आणि सहकाऱ्यांनी तेच केलं. एकाने बटण दाबायचं. त्यातून दुसऱ्याला खरोखर दुखेल असा विजेचा झटका बसू शकतो. नंतर भूमिकांची अदलाबदल, म्हणजे झटका काय असतो ते दोघांनाही ठाऊक. बटणानंतर आवाज किती वेळाने आला, याचा अंदाज सांगायचा. झटका द्यायचा की नाही हे स्वतः ठरवलं, तर ते अंतर कमी वाटलं. प्रयोगकर्तीने हुकूम दिला, तर जास्त; म्हणजे ती ओढ सैल पडली. ‘हे मी केलं’ ही जाणीव कमी झाल्याची ही खूण, असं संशोधक मानतात. त्या आवाजाला मेंदूतून उठणारी विद्युत्-लहरही हुकमाखाली क्षीण झाली.

मग ती ओढ हुकूम देणाऱ्याकडे जाते का? २०१८ मध्ये याच गटाने तेही तपासलं. स्वतः बटण दाबण्यापेक्षा दुसऱ्याकरवी दाबून घेताना हुकूम देणाऱ्यातही ती कमीच भरली.