फायबरची बोट तळाला फुटली असेल तर

बोट खडकावर आपटली की भोक लगेच दिसतं. खरं नुकसान मात्र बहुतेक वेळा भोकाच्या आजूबाजूला असतं. धक्क्याने फायबरचे थर एकमेकांपासून सुटतात आणि वरचा जेलकोट, म्हणजे बाहेरचा चकचकीत रंगीत थर, धड दिसत राहतो. म्हणून आम्ही आधी लहान हातोडीने तळ ठोकून पाहतो. चांगला भाग खणखणीत वाजतो, सुटलेला बद्द. मग आतल्या फळ्या काढून स्ट्रिंगर (तळाच्या लांबीने जाणाऱ्या आधाराच्या पट्ट्या) आणि बल्कहेड (आडव्या भिंती) यांचे तळाशी असलेले जोड बघतो. भोकापासून लांबचे जोडही कधी कधी उखडलेले असतात. त्यामुळे नुसत्या फोटोवरून आम्ही खर्च सांगत नाही.

ग्राइंडर लावल्यावर भोक मोठं होत जातं, आणि ते पाहून मालक हबकतात. पण दुरुस्ती टिकते ती या घासण्यावरच. सुटलेलं सगळं काढून टाकल्यावर कडेने जाडीच्या साधारण बारापट लांबीचा उतार घ्यावा लागतो. तळ 6 मिमी जाड असेल तर चहूबाजूंनी 72 मिमी, म्हणजे 10 सेंमीच्या भोकासाठी जवळजवळ 25 सेंमीचं काम. नवा थर जुन्याला धरतो तो या उतारावर. भोकात पुट्टी भरून वर एक पट्टी मारणारेही भेटतील. तशी बोट पाण्यात नेऊ नका.

ओल्या फायबरला रेझिन, म्हणजे थर चिकटवून घट्ट करणारं द्रव, धरत नाही. तळ एकसंध, म्हणजे नुसत्या फायबरचा असेल तर वाळायला फार वेळ लागत नाही. थरांच्या मध्ये बाल्सा हे हलकं लाकूड असेल आणि ते पाणी प्यायलं असेल, तर भिजलेला भाग कापून बदलावा लागतो. काम लांबतं आणि बिल वाढतं ते इथे.

रेझिन कोणतं वापरायचं, हे आम्ही तुम्हाला विचारून ठरवतो. जुन्या, कडक झालेल्या फायबरला इपॉक्सी रेझिन हे पॉलिएस्टर रेझिनपेक्षा घट्ट धरतं, म्हणून पाण्याखालच्या मोठ्या दुरुस्तीला आम्ही तेच सुचवतो. त्याची अडचण एवढीच की त्यावर नेहमीचा जेलकोट भरवशाने बसत नाही. मग रंग द्यावा लागतो, आणि बारकाईने पाहणाऱ्याला फरक कळतो. पॉलिएस्टर स्वस्त पडतं, वर जेलकोटही बसतो. थर मात्र एका दमात सगळे चढवता येत नाहीत. रेझिन घट्ट होताना तापतं, जाड थर फार तापला तर तडकतो. त्यामुळे मध्ये थांबलो तर कामचुकारपणा समजू नका.

बोट आमच्याकडे आणेपर्यंत आत-बाहेर गोड्या पाण्याने धुवा, बूच उघडं ठेवा, सावलीत वारा लागेल अशी ठेवा. भोकावर ताडपत्री चालेल. सिलिकॉन अजिबात लावू नका. त्याचा अंश घासूनही नीट जात नाही आणि तिथे नवं रेझिन सुटतं. तुटलेले मोठे तुकडे फेकू नका. तळाचा मूळ बाक आणि थरांची रचना त्यांवरून कळते.

काम झाल्यावर रेझिन दुसऱ्या दिवशी हाताला कडक लागतं, पण पूर्ण ताकद यायला साधारण आठवडा जातो, थंडीत जास्त. तोवर बोट आमच्याकडेच राहील.