रिसीव्हरच्या यार्डांना भागायचं कशाने?

अमेरिकी कॉलेज फुटबॉलमध्ये पुढे फेकलेला पास 1906 मध्ये नियमात बसला आणि राष्ट्रीय पातळीवरची अधिकृत आकडेवारी 1937 पासून ठेवली जाऊ लागली. देशातला अव्वल रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, तेव्हा निव्वळ झेलांच्या संख्येवर ठरायचा. 1970 पासून हे झेल सामन्यांनी भागले गेले, 1990 मध्ये दर सामन्यात झेलांतून कमावलेल्या यार्डांची वेगळी यादी आली. मध्यंतरी 1979 मध्ये पास फेकणाऱ्याला स्वतःचं कार्यक्षमतेचं सूत्र मिळालं. यार्ड, टचडाउन (चेंडू गोल रेषेपलीकडे नेणं), पूर्ण पास आणि इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेला पास) यांना कमी-जास्त वजन द्यायचं आणि एकूण प्रयत्नांनी भागायचं. झेलणाऱ्याच्या वाट्याला असं सूत्र आलं नाही. फेकणाऱ्याचा प्रयत्न सगळ्यांना दिसतो. झेलणाऱ्याचा प्रयत्न कशाला म्हणायचं, हा गुंता अजून सुटलेला नाही.

रिसीव्हर मैदानभर पांगवून भरपूर पास फेकण्याची स्प्रेड पद्धत सगळीकडे पसरली आणि जुन्या याद्या उघड्या पडल्या. 2016 मध्ये एका रिसीव्हरने हंगामात 158 झेल घेऊन तोवरचा विक्रम मोडला. यार्ड 1,746, म्हणजे झेलामागे साधारण 11. त्याआधी 2009 मध्ये ट्रिपल ऑप्शन खेळणाऱ्या, पासच्या वाटेला क्वचितच जाणाऱ्या संघातल्या एकाने 46 झेलांत 1,154 यार्ड काढले होते, झेलामागे 25. झेल मोजले तर पहिला कितीतरी पुढे, सरासरी काढली तर दुसरा. दोन्ही आकडे खेळाडूइतकेच प्रशिक्षकाच्या योजनेबद्दल बोलतात. शिवाय झेलामागची सरासरी सुटलेल्या चेंडूंबद्दल अवाक्षर काढत नाही.

म्हणून ‘टार्गेट’ आलं : रिसीव्हरकडे चेंडू किती वेळा फेकला गेला. व्यावसायिक लीगमध्ये हा आकडा आधीच रुळला होता. कॉलेजच्या अधिकृत हंगामी तक्त्यात मात्र वर्षानुवर्षे झेल, यार्ड, टचडाउन एवढंच राहिलं. टार्गेट हवं असेल तर प्रत्येक खेळीच्या नोंदीतून वेचून काढावं लागे, आणि घोळ तिथेच सुरू होई.

समजा तिसरा डाउन, म्हणजे चारपैकी तिसरी संधी, आणि अजून 8 यार्ड पुढे जायचंय. बचावपटू अंगावर येतोय हे पाहून क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा, चेंडू सीमारेषेच्या बाहेर भिरकावतो. जवळचा रिसीव्हर तिथून चार पावलांवर आहे, चेंडू त्याच्या डोक्यावरून हातभर उंच जातो. नोंद करणारा त्या रिसीव्हरचं नाव लिहितो : पास अपूर्ण. हा प्रयत्न रिसीव्हरचा, की क्वार्टरबॅकने सॅक (चेंडू हातात असतानाच पाडलं जाणं) टाळण्यासाठी फेकून दिलेला चेंडू? पुढच्या खेळीत रिसीव्हर बचाव वाचून आत वळतो, क्वार्टरबॅक तोच बचाव वेगळा वाचून बाहेर फेकतो, चेंडू मोकळ्या गवतावर पडतो. हे कुणाच्या खात्यावर? क्रिकेटमध्ये चेंडू कोणत्या फलंदाजाने खेळला यावर कधी वाद होत नाही. इथे भाजकच मोजणाऱ्याच्या नजरेवर ठरतो. समजा 6 झेल, 90 यार्ड, नोंदीत 10 टार्गेट : टार्गेटमागे 9 यार्ड. यातले दोन चेंडू फेकून दिलेले म्हणून वगळले, की तोच खेळाडू 11.25 वर जातो. एका सामन्यात एवढी तफावत पडत असेल, तर दशांशावरून लावलेले क्रम मला तरी पटत नाहीत.

2010 नंतर व्हिडिओ पाहून प्रत्येक रूट (रिसीव्हरने पळायचा ठरलेला मार्ग) मोजणाऱ्या खासगी सेवा वाढल्या आणि ‘धावलेल्या रूटमागे यार्ड’ हे माप पुढे आलं. ते मला जास्त न्याय्य वाटतं, कारण मोकळं होणं हेच रिसीव्हरचं निम्मं काम आहे. जो मोकळा होतच नाही त्याच्याकडे चेंडू येत नाही, आणि टार्गेटच्या हिशेबात त्याचं हे अपयश दिसतच नाही. रूटच्या हिशेबात ते दिसतं. अर्थात कॉलेजमध्ये रन-पास ऑप्शन, म्हणजे चेंडू पळणाऱ्याला द्यायचा की फेकायचा हे क्वार्टरबॅक ऐनवेळी ठरवतो अशी खेळी, खूप खेळतात. पुढच्या फळीतले लाइनमन धावेसाठी बचावपटूंना अडवतात, रिसीव्हर जीव तोडून स्लांट (तिरका आत जाणारा रूट) पळतो, आणि क्वार्टरबॅक चेंडू रनिंग बॅकच्या, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याच्या, पोटात ठेवतो. कागदावर ती धाव, रिसीव्हरचा रूट कुठेच नाही.

2020 च्या हंगामात 1991 नंतर पहिल्यांदाच एका वाइड रिसीव्हरला कॉलेज फुटबॉलमधला सर्वोच्च वैयक्तिक पुरस्कार मिळाला : 117 झेल, 1,856 यार्ड, 23 टचडाउन. पुढच्याच वर्षी, 2021 मध्ये, एक हंगाम बाहेर न बसता कॉलेज बदलण्याची मुभा मिळाली आणि स्वतःच्या नावावर कमाई करण्याचीही. नवा संघ शोधणाऱ्या विशीतल्या मुलासाठी हे दशांश आता पैशाचे झाले आहेत.

आणि तरीही बचावपटूला मागे टाकून सुटलेल्या रिसीव्हरचा हात चेंडू पोचायच्या आत धरला गेला, की नियमभंगाची खूण म्हणून पंचाचा रुमाल पडतो, संघाला जास्तीत जास्त 15 यार्ड मिळतात. या नियमभंगामुळे तो पास प्रयत्नांत धरत नाहीत. ती खेळी ज्याने जिंकून दिली, त्याच्या ओळीत झेल नाही, यार्ड नाही, टार्गेटही नाही.