नाकावरचा तो पांढरा पट्टा आणि आत्ताचं मिनरल सनस्क्रीन

नव्वदच्या दशकात टीव्हीवर दक्षिण आफ्रिकेचा फास्ट बॉलर ॲलन डोनाल्ड तोंडाला पांढरं फासून बॉलिंगला यायचा तेव्हा बेळगावात वॅक्सिन डेपोवर खेळणारी पोरं ‘चुना लावून आलाय बघ’ म्हणून हसायची. ते झिंक ऑक्साईड होतं, आणि आज मेडिकलमध्ये मिनरल सनस्क्रीनची जी महागडी ट्यूब मिळते त्यात पण तेच असतंय, नाहीतर टायटॅनियम डायऑक्साईड, नाहीतर दोन्ही.

झिंक आपल्याला नवीन नाहीच की, कांजिण्यांना लावायचं गुलाबी कॅलामाईन म्हणजे झिंक ऑक्साईड आणि रंगापुरतं आयर्न ऑक्साईड (ते लावून उन्हात फिरू नका मात्र, ते सनस्क्रीन नव्हे). उन्हासाठी त्याचा गाजावाजा ऑस्ट्रेलियात जास्त झाला, तिथं स्किन कॅन्सर भरपूर, म्हणून 1981 ला ‘स्लिप, स्लॉप, स्लॅप’ मोहीम काढली, शर्ट घाला, क्रीम चोपडा, टोपी घाला. निपाणीकडं तंबाखूच्या रानात बायका साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट चढवून, डोक्याला टॉवेल गुंडाळून भांगलतात, म्हणजे तीनातलं दोन त्यांचं आधीच झालंय.

पुढं कंपन्यांनी कण बारीक केले, पांढरेपणा उतरला, तरी आपल्या सावळ्या रंगावर राख फासल्यागत दिसतंय म्हणून लोक चिमूटभर लावतात आणि खरी गोची इथंच आहे. एसपीएफ, म्हणजे क्रीम उन्हापासून किती वाचवतं त्याचा ट्यूबवरचा आकडा, मोजताना दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम लावतात, त्याच्या निम्मं लावल्यावर ट्यूबवरचा 50 कुठला मिळतोय? चेहरा-मानेला दोन बोटं भरून घ्या, उन्हात असाल तर दर दोन तासांनी परत. पांढरं नको तर आयर्न ऑक्साईडवालं टिंटेड, म्हणजे रंग मिसळलेलं घ्या, वांग असणाऱ्यांना तेच बरं.

मिनरल सनस्क्रीन आरशागत ऊन परतवतं असं अजून सांगतात, पण 2016 च्या अभ्यासात दिसलं की झिंक-टायटॅनियमचे हे कण यूव्ही (उन्हातले अतिनील किरण) मुख्यतः शोषूनच घेतात, परत फिरते ती 4-5 टक्केच.

आत्ताची क्रेझ आली ती अमेरिकेच्या एफडीएनं (औषधांवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं) 2019 ला ठेवलेल्या प्रस्तावानंतर, सनस्क्रीनमधल्या 16 घटकांपैकी झिंक ऑक्साईड आणि टायटॅनियम डायऑक्साईड हे दोनच सुरक्षित आणि उपयोगी मानायला पुरेशी माहिती आहे म्हणाले. बाकीचे बहुतेक विषारी असं नाही हं, त्यांची अजून माहिती मागितली एवढंच. आणि यूट्यूब बघून झिंक पावडर खोबरेलात कालवणाऱ्यांनो, गुठळ्या राहतात, एसपीएफ किती ते कुणालाच ठाऊक नसतं आणि पावडर नाकात जाते ती वेगळीच.