एस्प्रेसोचा ग्राइंडर आणि तीस मायक्रॉनचा हिशेब

मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात दळलेली कॉफी चिमटीत घेऊन चोळून पाहा. काही कण जाड रव्याएवढे, काही पिठीसाखरेसारखे, मधूनच अर्धवट फुटलेली बी. पातं समोर येईल त्यावर घाव घालतं. एखादा तुकडा दहादा कापला जातो, एखादा कडेला चिकटून सुटतो. फ्रेंच प्रेसमध्ये, म्हणजे कॉफी गरम पाण्यात भिजवून जाळीने खाली दाबायच्या भांड्यात, हे एकवेळ खपून जातं, एस्प्रेसोत मात्र मुळीच चालत नाही.

एस्प्रेसोत साधारण १८ ग्रॅम कॉफीच्या दाबून बसवलेल्या थरातून ९३ अंश सेल्सिअसच्या आसपासचं पाणी ९ बार दाबाने जातं आणि २५ ते ३० सेकंदांत कपात ३६ ग्रॅम कॉफी उतरते. पंप कितीही दमदार असला तरी पाण्याला अडवणारं काही नसेल तर दाब तयारच होत नाही, आणि अडवण्याचं काम दळण करतं. दळण जाड राहिलं की दहा-बारा सेकंदांत फिकट, आंबट कॉफी धो धो उतरते. अति बारीक झालं की थेंब थेंब गळते आणि कडू लागते.

वाळूच्या थरातून पाणी किती वेगाने झिरपतं याचा नियम आन्री दार्सी या फ्रेंच अभियंत्याने १८५६ साली मांडला. बास्केटमधल्या, म्हणजे यंत्राच्या जाळीदार भांड्यातल्या, कॉफीलाही तोच लागू पडतो. थराचा अडथळा कणांच्या व्यासाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. कण निम्मे झाले की अडथळा चौपट. आता कण ३०० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) धरू आणि ३० मायक्रॉनने बारीक करू. फरक फक्त दहा टक्क्यांचा, पण अडथळा सुमारे २३ टक्क्यांनी वाढतो आणि २८ सेकंदांचा शॉट, म्हणजे एका वेळची एस्प्रेसो, ३४ सेकंदांवर जातो. कॉफीचे कण गोल नसतात, भिजून फुगतात, त्यामुळे प्रत्यक्षात आकडे पुढे-मागे होतात. तरी अंदाज यावरून येतो. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. त्याच्या निम्म्याहून कमी फरकात शॉट बदलतो.

म्हणून ग्राइंडर घेताना सर्वांत आधी विचारायचं ते हे, की एका क्लिकमध्ये, म्हणजे जाड-बारीक करण्याच्या एका टप्प्यात, बर, म्हणजे दळणारा दातेरी पोलादी भाग, किती सरकतो? मोटर किती वॅटची, सेटिंग किती, हे नंतर. चाळीस सेटिंगांपैकी एस्प्रेसोच्या कामाच्या दोनच असतील तर बाकीच्या अडतीस काय कामाच्या! कमांडान्टे सी४० हा हाताने फिरवायचा उत्तम ग्राइंडर, पण त्याची एक क्लिक सुमारे ३० मायक्रॉनची. म्हणूनच ती निम्मी करणारा वेगळा आस कंपनी विकते. एस्प्रेसोसाठी क्लिक १० ते १५ मायक्रॉनची असावी, किंवा टप्पेच नसलेली, हवी तिथे थांबणारी रचना असावी.

बर दोन आकारांत येतात. सपाट बरांची जोडी थेट जात्यासारखी चालते: बी मधोमध पडते, दळण कडेने बाहेर येतं. शंकूच्या आकाराच्या बरात आतला शंकू बाहेरच्या कड्यात फिरतो. शंकूवाल्यात अगदी बारीक पूड थोडी जास्त पडते आणि कॉफी अंगाने दाट लागते. सपाट बरांत चवी सुट्या कळतात, असा सर्वसाधारण अनुभव. पण यावर फार डोकं खपवू नये. बर एकमेकांना समांतर बसलेले नसतील तर कोणताही आकार वाचवत नाही. आस हाताने हलवून पाहा; डुगडुगला तर तो ग्राइंडर घेऊ नका.

कमी पैशांत हातग्राइंडर सरस पडतो, कारण मोटरचा खर्च वाचून तो बर आणि बेअरिंगवर जातो. ४८ मिलिमीटरच्या बरावर १८ ग्रॅम बिया मिनिटभरात दळून होतात. हलक्या भाजणीच्या बिया कडक असतात, मनगट दुखतं. रोज चार कप करायचे तर विजेवरचाच घ्यावा.

सेटिंग लावताना डोस १८ ग्रॅमच ठेवा आणि एका वेळी एकच टप्पा बदला. विजेवरचा ग्राइंडर बारीककडे नेताना मोटर चालू हवी, नाहीतर बरांमध्ये अडकलेल्या बिया जाम होतात. बदलल्यावर आत राहिलेलं जुनं दळण आधी बाहेर येतं, म्हणून पहिले दोन-तीन ग्रॅम टाकून द्या. शॉट वेगाने येतोय म्हणून बारीक करत सुटणंही बरं नव्हे. एका मर्यादेपलीकडे पाणी थरात वाटा फोडतं, काही कॉफीतून ते नीट जातच नाही आणि कपात उतरणारा अर्क उलट कमी होतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात हेच दिसलं.

दळताना कणांवर स्थिर वीज येते आणि पूड भांड्याला, टेबलाला चिकटते. दळण्याआधी बियांवर पाण्याचा एखादा बारीक फवारा मारून हलवलं की ही वीज बरीच कमी होते. ओरेगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ साली दाखवलं, की बियांमधला ओलावा जितका जास्त तितका हा विद्युतभार कमी. फवारा मात्र एकच. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात पोलादी बर ओले राहिले तर गंजतात. ते पाण्याने धुऊ नका, आठवड्याला उघडून कोरड्या ब्रशने झाडा.