प्रवेश-अपात्रता आणि दुरावलेली जोडपी (गोवा)

लग्न कायदेशीर आहे, संसार मांडायची दोघांचीही तयारी आहे, पण एकाच्या नावावर कधीकाळचा गुन्हा नोंदलेला असल्याने जोडीदाराच्या देशाचा व्हिसा मिळत नाही, अशा जोडप्यांचा हा प्रश्न आहे. ज्या कायदेशीर कारणांमुळे परकीय व्यक्तीला देशात घेतले जात नाही, त्यांना प्रवेश-अपात्रता म्हणतात. न्यायालयाची शिक्षा कधीतरी भोगून संपते. अपात्रता मात्र तिच्यानंतरही वर्षानुवर्षे राहू शकते, आणि ती निम्मी भोगावी लागते ज्याने काहीच केलेले नाही अशा जोडीदाराला.

गोव्यात अशी जोडपी आढळण्यामागे इथला इतिहास आहे. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना लिस्बनमध्ये जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येते. ते घेतले की भारतीय नागरिकत्व जाते. जोडीदार भारतीयच राहिला तर एकाच घरात दोन देशांचे पासपोर्ट येतात. या पासपोर्टवर हजारो गोवेकर इंग्लंडला, विशेषतः स्विंडनला गेले. शिवाय बोटीवरचे तारवटी, म्हणजे खलाशी आहेत, कॅनडा-अमेरिकेत स्थायिक झालेले आहेत, आणि मोरजी-हरमलच्या किनाऱ्यावर भेटलेल्या परदेशी माणसाशी संसार थाटलेली पेडणे तालुक्यातली मुले-मुलीही आहेत.

जुना गुन्हा मोठाच असावा लागतो असे नाही. थोडा गांजा सापडला, खटला लांबेल म्हणून कोणीतरी सल्ला दिला की कबूल कर, दंड भर आणि मोकळा हो, आणि विशीतल्या पोराने तसे केले. भारतात ते प्रकरण तिथेच मिटते. अमेरिकेच्या कायद्यात 1996 साली दोषसिद्धीची जी व्याख्या घातली गेली, तिच्यानुसार दोष कबूल केलेला किंवा सिद्ध झालेला असणे आणि त्यावर काहीतरी शिक्षा वा बंधन लादलेले असणे एवढे पुरते. आपल्याकडे 1958 चा परिवीक्षा कायदा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सुटलेल्या माणसाला दोषसिद्धीमुळे येणाऱ्या अपात्रतेपासून वाचवतो. ते संरक्षण या देशाच्या हद्दीपुरतेच असते. व्हिसा अधिकारी त्या हमीचे बंधपत्र पाहतो आणि ती दोषसिद्धीच धरू शकतो.

प्रमाणाचा फरक तर याहून जीवघेणा आहे. अमली पदार्थांविरुद्धच्या आपल्या एनडीपीएस कायद्याखाली गांजाचे ‘अल्प प्रमाण’ एक किलोपर्यंत धरले जाते. अमेरिकेत कायम वास्तव्यासाठी जाणाऱ्या जोडीदाराला अमली पदार्थांच्या बाबतीत सूट मागता येते ती 30 ग्रॅमपर्यंत गांजा जवळ बाळगण्याच्या एकाच गुन्ह्यासाठी. म्हणजे दोनशे ग्रॅमवर म्हापशाच्या न्यायालयात दंड भरून सुटलेल्या माणसाला अमेरिकन बायकोकडे राहायला जाण्याची वाट त्या कायद्याने जवळजवळ बंदच होते. चोरी, फसवणूक अशा ‘नैतिक अधःपतना’च्या गुन्ह्यांसाठी निदान दारे आहेत. एकच किरकोळ गुन्हा असेल तर अपवाद मिळतो, 15 वर्षे उलटली असतील आणि माणूस सुधारला असेल तर सूट मागता येते, किंवा अमेरिकन जोडीदाराला ‘पराकोटीची हालअपेष्टा’ होईल हे दाखवावे लागते. नेहमीच्या विरहाने होणारे हाल यासाठी पुरेसे मानले जात नाहीत. एकटीने मूल वाढवणे, रात्री फोनवर रडणे, हे सारे अपेक्षितच म्हणून बाजूला पडू शकते. मग जोडीदाराच्या आजारपणाची कागदपत्रे, कर्जाचे हप्ते, मानसोपचारतज्ज्ञाचा अहवाल असा फाईलभर पुरावा गोळा करावा लागतो. आपल्या दुःखाचे असे प्रमाणपत्र मिळवायला लावणे क्रूर आहे, हे इथे नोंदवलेच पाहिजे. 2024 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मुन्योझ प्रकरणात ठरवले की परदेशी जोडीदाराला देशात आणू देण्याचा मूलभूत हक्क अमेरिकन नागरिकाला नाही.

कॅनडाचे उदाहरण गोव्याच्या रस्त्यांशी थेट जोडलेले आहे. दारू पिऊन स्कूटर चालवल्याबद्दल मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 खाली पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकते. बहुतेक लोक दंड भरून विसरून जातात. कॅनडाने डिसेंबर 2018 पासून याच गुन्ह्याची कमाल शिक्षा दहा वर्षे केली, त्यामुळे तो तिथे ‘गंभीर गुन्हेगारी’त मोडतो, आणि केवळ काळ लोटला म्हणून आपोआप पुसला जात नाही. शिक्षा पूर्ण झाल्यावर पाच वर्षांनी पुनर्वसनाचा अर्ज करता येतो. तरीही जुनी कागदे नीट वाचावीत. आपल्याकडे मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमची आहे, कॅनडात 80 ची. त्या रात्रीच्या चाचणीच्या चिठ्ठीवर 45 आकडा असेल, तर हा गुन्हा कॅनडातल्या गुन्ह्याशी समतुल्य नाही असा मुद्दा वकिलाला मांडता येतो. एवढ्याशा चिठ्ठीवर संसार अडलेला असू शकतो.

पोर्तुगीज पासपोर्टच्या घरांत कायदा तारखेनुसार बदलतो. युरोपीय संघाच्या 2004 च्या निर्देशानुसार, संघातला नागरिक दुसऱ्या सदस्य देशात राहत असेल तर त्याच्या जोडीदाराला केवळ जुन्या दोषसिद्धीवरून अडवता येत नाही. त्या माणसापासून आज खरा आणि पुरेसा गंभीर धोका आहे हे दाखवावे लागते. माणसाला आजच्या वागण्यावरून तोलणारी ही कसोटी सर्वांत न्याय्य म्हणावी लागेल. ब्रिटनमध्ये ती ब्रेक्झिटचा संक्रमणकाळ संपेपर्यंत, म्हणजे 2020 च्या अखेरीपर्यंत लागू होती. 31 डिसेंबर 2020 पूर्वीचे वर्तन, संघ सोडताना ब्रिटनने केलेल्या विथड्रॉवल कराराखाली, आजही तिनेच तपासले जाते, नंतरचे मात्र ब्रिटनच्या आपल्या नियमांनी. नंतर लग्न झालेल्यांना साध्या जोडीदार-व्हिसाच्या रांगेत उभे राहावे लागते. तिथे 2024 पासून वार्षिक 29,000 पौंड उत्पन्नाची अट आहे, आणि गुन्ह्यांची नोंद कालांतराने ‘मिटलेली’ मानणारा 1974 चा कायदा इमिग्रेशनच्या निर्णयांना लागू होत नाही. मानवाधिकाराच्या मुद्द्यावर अपील करता येते, एवढा तरी आधार आहे.

उलट दिशेनेही हेच घडते. गोव्यात अमली पदार्थांच्या गुन्ह्यात शिक्षा झालेला परदेशी नागरिक कोलवाळच्या कारागृहातून सुटला की सहसा मायदेशी पाठवला जातो आणि काळ्या यादीत जाऊ शकतो. इथली बायको आणि मुले मग इथेच राहतात. परदेशी जोडीदाराला नोंदणीकृत लग्न दोन वर्षे टिकल्यावर ओसीआय कार्ड, म्हणजे भारतात दीर्घकाळ राहू देणारे कार्ड, मागता येते. मात्र ऑगस्ट 2025 च्या अधिसूचनेनुसार दोन वर्षे वा अधिक कैद झाली, किंवा सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात नुसते आरोपपत्र दाखल झाले, तरी ते रद्द होऊ शकते. अशा वेळी भारतीय जोडीदाराला पर्वरीच्या उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते.

कागदांच्या बाबतीत गोव्याची एक अडचण वेगळी आहे. इथे सब-रजिस्ट्रारकडे पहिली सही म्हणजे लग्नाच्या इराद्याची नोंद, लग्न पक्के होते ते दुसऱ्या सहीने. पहिल्याच सहीवर थांबलेल्या जोडप्याकडे व्हिसासाठी विवाहाचा पुरावा नसतो. जुना खटला लपवणे सर्वांत घातक ठरते. खोटी माहिती दिल्याबद्दल कॅनडात पाच वर्षे बंदी येते, ब्रिटनमध्ये ती दहा वर्षांपर्यंत असू शकते, आणि अमेरिकेत सूट मिळाली नाही तर जन्मभराची. खटल्याची खरी माहिती द्यायची तर निकालाची प्रमाणित प्रत लागते, आणि न्यायालये ठराविक काळानंतर जुन्या फाईली नष्ट करतात. फाईल उरली नसेल तर अभिलेख उपलब्ध नसल्याचा दाखला त्याच न्यायालयाकडून लेखी घ्यावा लागतो, आणि अर्जासोबत तो जोडावा लागतो.